पहिला पेला कोणाचा?

जुन्नर तालुक्यात फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांत पुठ्ठे, थर्माकोल आणि सुतळी यांचा खप वाढतो. खोडदला दुर्बिणीवर प्रदर्शन असतं. 'दुर्बीण' म्हणजे जीएमआरटी. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या इथल्या द्राक्षबागा आणि कांद्याच्या शेतांमधून आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एरवी आत सहजी सोडत नाहीत. पण 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, दारं उघडतात आणि आजूबाजूच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात. ज्वालामुखी असतो, पवनचक्की असते, ठिबक सिंचन असतं. ज्वालामुखी तर हटकून दोन-तीन असतात.

अशाच एका शाळेत आठवीच्या वर्गापुढे मी उभा होतो. विषय साथीच्या रोगांचा. 'साथ कशी पसरते' यावर तक्ता करावा, वर्तुळं काढावीत, बाण दाखवावेत असं मुलांच्या मनात होतं. मी म्हटलं, तक्ता नको, साथच आणू वर्गात. खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग कळंल का कोणी आणली ते?"

हा प्रश्न उगाच आलेला नव्हता. 2020 च्या उन्हाळ्यात ही मुलं दुसरीत होती. जुन्नर, आंबेगाव, खेडमधली कित्येक घरं मुंबईवर चालतात. डबेवाले इथले, वाशीच्या बाजारातले हमाल इथले, भाजीच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर इथले. टाळेबंदीत ही माणसं गावाकडे निघाली, तेव्हा कुठे वेशीवर बाभळीची फेसाटी आडवी पडली, कुठे शाळेच्या खोल्यांत चौदा दिवस काढावे लागले. म्हणजे ज्या खोलीत आम्ही साथ 'आणणार' होतो, तशाच खोल्यांत तेव्हा सतरंज्या अंथरून माणसं झोपत होती. आणि गावात एकच चर्चा: कोणी आणला?

प्रयोग जगभरच्या शाळांत होतो. प्रत्येकाला पाण्याचा पेला द्यायचा. सगळे पेले दिसायला सारखे, पण एकात पाण्याऐवजी अल्कधर्मी द्रावण. मुलांनी जोड्या करून पाण्याची देवघेव करायची, जोडीदार बदलायचे, पुन्हा देवघेव. शेवटी एक दर्शक टाकला की लागण झालेले पेले रंग बदलतात. पुस्तकांत त्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलीन सांगतात. पहिलं मुलांच्या हातात द्यायला मी धजत नाही. दुसऱ्याची गरजच नाही, कारण आपल्या फडताळात हळद असते. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला दर्शक म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून पहिल्या खेपेस मी चुनाच घेतला. पानाच्या टपरीवरचा चुना रात्री पाण्यात कालवून ठेवला, सकाळी वरची निवळी गाळून घेतली. तिच्यात हळदीचा कागद बुडवला, लालभडक झाला. खूश होऊन शाळेत गेलो, आणि तिथे बोअरच्या पाण्याने माझी जिरवली.

पेले स्टीलचे, घरून आणलेले, पाणी शाळेच्या टाकीतलं. पहिली देवघेव झाली तोच एक पोरगा ओरडला, "सर, मपलं पाणी दुधावानी झालं!" शेजारणीचंही झालं. निदान संपलं! कोणाला लागण झाली ते सगळ्या वर्गाला डोळ्यांनी दिसत होतं. तसंच पुढे रेटलं, तर तिसऱ्या फेरीनंतर दुसरीच गंमत. ज्यांना हमखास लागण व्हायला हवी होती, त्यांचे हळदीचे कागद पिवळेच राहिले किंवा नुसते भुरकट झाले. मुलं हसली. मीही हसलो, पण थोड्या वेळाने.

झालं असं होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं विरघळलेली असतात. चुन्याची निवळी त्यांच्याशी भिडली की कॅल्शियम कार्बोनेटचा बारीक साका पडतो. पाणी दुधाळ होतं ते त्यामुळे, आणि त्यातच चुना खर्ची पडतो. शिवाय दर देवघेवीला द्रावण निम्मं पातळ होतं: अर्धं, पाव, दोन आणे. जडपणाशी झगडून उरलेला चुना दोन आण्यांवर आला की हळदीला तो जाणवतही नाही. लागण झालेली असूनही चाचणी 'नाही' म्हणते. दवाखान्यात याला फॉल्स निगेटिव्ह म्हणतात. कारण तिथे वेगळं असतं, पण जातकुळी हीच: शोधायची वस्तू आहे, फक्त चाचणीच्या नजरेच्या खाली आहे.

दुसऱ्या खेपेस जारचं पाणी आणलं आणि चुन्याऐवजी धुण्याचा सोडा घेतला. खायचा नव्हे, धुण्याचा. पेलाभर पाण्यात एक चमचा. तो आठ पट पातळ झाला तरी हळदीला लाल करतो, आणि मऊ पाण्यात निवळशंख दिसतो. हे पाणी प्यायचं नाही, डोळ्यांजवळ हात न्यायचा नाही, झाल्यावर हात धुवायचे, हे तीनतीनदा बजावलं.

मुलं बत्तीस. शिपाईमामांनी व्हरांड्यात बत्तीस पेले भरले, एकात सोडा टाकला आणि मग डोळे मिटून पेले इकडचे तिकडे केले. म्हणजे सोड्याचा पेला कुठला, हे मला माहीत नाही, मामांनाही नाही. हा आंधळेपणा महत्त्वाचा. माहीत असतं, तर माझी नजर त्या मुलाकडे गेलीच असती, आणि पोरं मास्तरची नजर पुस्तकापेक्षा चांगली वाचतात.

प्रत्येकाला एक क्रमांक आणि गाळण कागदाची एक पट्टी. पट्टीवर पेन्सिलीने तीन गोल. नियम सोपा. शिट्टी वाजली की जोडीदार गाठायचा, एकाचं सगळं पाणी दुसऱ्याच्या पेल्यात ओतायचं, ढवळायचं, निम्मं परत घ्यायचं. मग आपल्या पाण्याचा एक थेंब पट्टीवरच्या त्या फेरीच्या गोलात टाकायचा आणि पट्टीमागे जोडीदाराचा क्रमांक लिहायचा. पुढच्या शिट्टीला नवा जोडीदार. एकूण तीन फेऱ्या.

पट्टीवर हळद नाही, हे लक्षात घ्या. थेंब वाळला की गोल कोरा दिसतो. कोणाला काय झालंय ते कोणालाच कळत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्यांवर कुंचल्याने हळदीचं पाणी फिरवायचं आणि मगच खुणा उमटणार. रोजच्या घडामोडी आधी घडून जातात, त्यांचा रंग मागाहून दिसतो, हे मुलांना एक रात्र सोसायला लावायचं होतं. सोसलं नाही. मधल्या सुट्टीत दोघांनी डब्यातल्या भाजीच्या रश्श्यात बोट बुडवून पट्टीला लावायचा प्रयत्न केला. बुद्धीला दाद दिली, नव्या पट्ट्या दिल्या, आणि तो सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून घेतला.

आकडेमोड आधी केली. सुरुवातीला एक. पहिल्या फेरीनंतर दोन, मग चार, मग आठ, असं मुलं म्हणाली. दुपटीचा हिशोब. मी विचारलं, आणखी दोन फेऱ्या घेतल्या तर? "सोळा, बत्तीस. सगळा वर्ग!" इथे जरा थांबलो. दुसऱ्या फेरीनंतर चौघांना लागण आहे, आणि त्यांतले दोघे एकमेकांनाच भेटले तर? नवीन कोणालाच लागण होत नाही, ती भेट वाया जाते, साथीच्या बाजूने बघितलं तर. जसजसे लागण झालेले वाढतात, तसतशा अशा वाया जाणाऱ्या भेटी वाढतात. बत्तीसच्या वर्गात जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या, तर सरासरी दोन, चार, सात-आठ, तेरा, एकवीस असा चढ येतो. आधी दुपटीने चढणारी रेघ पुढे वाकते. तिला वाकवायला औषध लागलं नाही, डॉक्टरही नाही. कोरे पेलेच कमी होत गेले.

ही वाकलेली रेघ गणितात पहिल्यांदा नीट मांडली गेली, तेव्हा तिला आधार होता मुंबईच्या मुडद्यांचा. 1896 मध्ये मुंबईत गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ शिरली, 1897 मध्ये तिने पुणं उजाड केलं. सावित्रीबाई फुले गेल्या त्या याच साथीत, रोग्यांची शुश्रूषा करताना. मुंबईत ती पुढेही वर्षानुवर्षं परतत राहिली. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळातल्या दर आठवड्याच्या मृत्यूंचे आकडे नोंदलेले होते. स्कॉटलंडमधल्या विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी 1927 मध्ये ते आकडे आपल्या सूत्राशेजारी ठेवले. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात लष्करी वैद्यकीय सेवेत काम केलेला डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेला. दोघांनी माणसांचे तीन गट केले: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि खेळातून बाहेर पडलेले, म्हणजे बरे झालेले किंवा मेलेले. यांच्यातली ये-जा समीकरणांत बांधली. आलेली रेघ आठवड्याला सुमारे नऊशे मृत्यूंपर्यंत चढली आणि उतरली. मुंबईच्या आकड्यांवर ती मापाने शिवल्यासारखी बसली. आजही जगभर साथीचं गणित शिकवताना हेच तीन गट पहिल्या दिवशी येतात.

पण आमच्या वर्गात रेघ वाकली ती कोरे पेले कमी होत गेले म्हणून. मुंबईच्या साथीला ते कारण लागू होतं का? प्लेगची ये-जा उंदीर आणि पिसवांमार्फत होते. मुंबईत दर वर्षी प्लेग हिवाळ्यात वर येई आणि उन्हाळा-पावसाळ्यात ओसरे, कारण पिसवांना तेव्हाची हवा मानवत नसे. म्हणजे रेघ वाकली ती निव्वळ कोरी माणसं संपली म्हणून नव्हे, ऋतूही तिला वाकवत होता. रेघ तंतोतंत जुळली म्हणून कारणही जुळलं असं नसतं. ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजी उत्तर बरोबर, रीत चूक?" शंभरपैकी किती मार्क द्यायचे, यावर वर्गात बराच वाद झाला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवल्या. चमचाभर हळद कोमट पाण्यात कालवून, गाळून, रुंद कुंचल्याने वरून खाली फिरवली. आधी सगळं पिवळं. मग एकेक गोल तांबडा होत वर आला. वर्ग इतका चिडीचूप मी परीक्षेतही पाहिलेला नाही.

प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी बरीचशी अशीच चालते. छोट्या खळग्यांची एक तबकडी असते, शहाण्णव खळग्यांची. प्रत्येक खळग्याच्या तळाला विषाणूचा अंश आधीच चिकटवलेला असतो. त्यावर रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम घालतात. या माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, असतील, तर ती तळाला चिकटून बसतात, नसतील तर धुऊन जातात. चिकटली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मग दुसरं प्रतिपिंड घालतात, जे पहिल्याला पकडतं आणि ज्याच्या शेपटाला रंग घडवणारं विकर बांधलेलं असतं. पुन्हा धुणं. शेवटी बेरंग द्रावण घातलं की जिथे काही चिकटलंय तिथेच रंग येतो. आमच्या वाळलेल्या थेंबावर हळद फिरवली, ती ही शेवटची पायरी. मधल्या दोन धुण्या आमच्याकडे नाहीत, आणि खरी कसोटी त्या धुण्यांतच असते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मे 2020 मध्ये अशी चाचणी तयार केली, तिचं नाव 'कोविड कवच'. एका खेपेला नव्वद नमुने, अडीच तासांत. उरलेले खळगे कशाला? ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा नमुन्यांना. आम्हीही पुठ्ठ्याच्या कडेला एक नुसत्या पाण्याची आणि एक सोड्याची पट्टी लावली होती. पाण्याची पिवळी राहिली आणि सोड्याची लाल झाली, तरच बाकीच्यांवर विश्वास.

लाल खूण असलेल्या पट्ट्या मोजल्या. सात.

"सर, सात कसं होईल?" ही तीच, खिडकीजवळची. "पाणी तर जोडीजोडीनं मिसळलं. लागण झाली तर दोघांना झाली. मग आकडा समच यायला पायजे."

मी हे योजलेलं नव्हतं, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. प्रत्येक फेरीनंतर जोडीतल्या दोघांचं पाणी एकच असतं, म्हणजे लागण झालेल्यांची संख्या विषम असूच शकत नाही. एक पट्टी खोटं बोलत होती. शोधायला फार वेळ लागला नाही. सोळा नंबरच्या पट्टीवर पहिला गोल पिवळा, दुसरा लाल, तिसरा पुन्हा पिवळा. आमच्या खेळात बरं होण्याची सोय नव्हती, मग दुसऱ्या फेरीत लागलेला तिसऱ्या फेरीत कोरा कसा? आणि दुसऱ्या फेरीतल्या त्याच्या जोडीदाराची पट्टी साफ पिवळी. जवळून पाहिलं तर तो लाल डाग गोल नव्हताच. लांबट होता, अंगठ्यासारखा. पट्टीचा मालक आधी कबूल होईना, मग म्हणाला, पाणी सांडलं म्हणून मधेच हात धुऊन आला होता, नळाजवळच्या धुण्याच्या पावडरीने. पावडरीत तोच सोडा. ओल्या अंगठ्याने पट्टी धरली, झाली लागण. हा फॉल्स पॉझिटिव्ह.

बाकी उरले सहा.

इथे वर्गाला एक हिशोब घातला, आणि तो हळदीपेक्षा जास्त लाल निघाला. 2020 च्या मे-जूनमध्ये देशभर पहिलं सीरो-सर्वेक्षण झालं, म्हणजे लोकांच्या सीरममध्ये कोविडची प्रतिपिंडं शोधली गेली: सत्तर जिल्हे, अठ्ठावीस हजार प्रौढ. महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत आमच्या शेजारचा नगरही होता. निष्कर्ष असा की शंभरात एकालाही पुरती लागण होऊन गेलेली नाही, 0.73 टक्के. आता समजा चाचणी अशी आहे: लागण होऊन गेलेल्या शंभरांतल्या ब्याण्णवांना ओळखते, आणि न झालेल्या शंभरांतल्या दोघांना चुकून 'झाली' म्हणते. वाईट नाही ना? मग हजार माणसं घ्या. लागण झालेले सात, त्यांतले सहा सापडले. न झालेले नऊशे त्र्याण्णव, त्यांतले चुकीने लाल झालेले वीस. एकूण लाल सव्वीस, खरे सहा. चारांतल्या तिघांच्या हातात खोटं प्रमाणपत्र! चाचणी तीच, चूक तीच, फक्त गावात रोग कमी म्हणून खोट्यांचा ढीग मोठा. यावर उपाय त्या सर्वेक्षणातच होता. पहिल्या चाचणीत लाल झालेले नमुने दुसऱ्या, वेगळ्या बनावटीच्या चाचणीतून पुन्हा काढले गेले. वीस खोट्यांपैकी तिथे जेमतेम एखादा टिकतो.

आता तशीच चाचणी पुण्यात आणा. जुलै-ऑगस्ट 2020 मध्ये आयसर, पुणे विद्यापीठ आणि इतरांनी शहरातल्या पाच प्रभागांत 1,664 जणांचं रक्त तपासलं. 51.5 टक्क्यांत प्रतिपिंडं सापडली. लोहियानगर-कासेवाडीत 65.4 टक्के, कसबा-सोमवार पेठेत 36.1. हजारात पाचशे पंधरा लागण झालेले असतील, तर आमच्या समजुतीतली चाचणी त्यांतले चारशे चौऱ्याहत्तर पकडेल आणि खोटे धरेल दहाच. तीच चाचणी इथे भरवशाची ठरली. 'चाचणी किती टक्के बरोबर' हा प्रश्न एकटा विचारण्यात अर्थ नाही, कुठे आणि कधी केली हेही विचारावं लागतं. लोहियानगरच्या आकड्याची मात्र मला वेगळी टोचणी आहे. प्रतिपिंडांचा आकडा रोगाविषयी जितकं सांगतो, तितकंच दाटीच्या खोल्या आणि सामाईक संडास यांविषयी सांगतो. हे आठवीला कितपत सांगावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचा भाग मुलांच्या विशेष आवडीचा. सहा लाल पट्ट्यांच्या पेल्यांत लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. हळदीचा कागद बुडवला, पिवळाच. घसा साफ, स्वॅब निगेटिव्ह, माणूस बरा. पण पुठ्ठ्यावरची पट्टी लालच. पेला म्हणजे घसा, पट्टी म्हणजे रक्त. एक आज काय आहे ते सांगतो, दुसरी काय होऊन गेलं ते. 2020 मध्ये या दोन चाचण्यांची इतकी सरमिसळ झाली होती की अँटीबॉडी आल्या म्हणून घाबरणारी माणसंही मी पाहिली. खरं तर लागण झाल्यावर प्रतिपिंडं दिसू लागायलाच आठवडा-दोन आठवडे जातात. रोग ऐन भरात असताना रक्त कोरं असू शकतं.

खूण मागे ठेवण्याची रीत जुनी आहे. मुलांना दंड उघडे करायला सांगितले, बीसीजीचा व्रण बहुतेकांना सापडला. आजीच्या दंडावर याहून मोठा, खोलगट व्रण असतो, तो देवीच्या लशीचा. ती लस हिंदुस्थानात पहिल्यांदा लागू पडली मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर. तिच्या फोडातली लस पुढच्या मुलांना, त्यांच्या फोडांतली त्यापुढच्यांना. दंडावरून दंडावर अशी ती पुण्यापर्यंत आणि पुढे गेली. आमच्या पेल्यांचीच साखळी, फक्त उलट्या कामाची: रोग नव्हे, रोगापासूनची राखण हातोहात नेणारी. जुन्नरजवळच्या हिवऱ्याला कंपनी सरकारची वनस्पती-बाग होती. ती सांभाळणारा डॉ. अलेक्झांडर गिब्सन झाडांकडे वळण्याआधी दख्खन आणि खानदेशात देवी टोचत फिरत असे. या भागातल्या कुठल्या वाड्या त्याच्या वाटेवर होत्या कोण जाणे, पण मुलांना हिवऱ्याचं नाव ऐकून आनंद झाला, कारण वर्गात हिवऱ्याची दोघं होती.

आणि मग राहिलेला प्रश्न. कोणी आणली?

मी पट्ट्यांचे पहिले दोन गोल झाकले. खऱ्या आयुष्यात प्रत्येक फेरीला थेंब कोणी घेऊन ठेवत नाही, शेवटचा गोलच हाती येतो. लाल क्रमांक: 4, 8, 11, 19, 27, 30. पाठीमागे जोडीदार लिहिलेले. शोधा.

पोरं लाल पट्ट्यांवर तुटून पडली आणि गुरफटली. अर्ध्या तासाने वाट दाखवली ती पिवळ्यांनी. आठ नंबर पहिल्या दोन फेऱ्यांत ज्यांना भेटला, ते दोघेही शेवटपर्यंत पिवळे. आठकडे आधीपासून सोडा असता तर ते लाल झाले असते. म्हणजे आठला लागण तिसऱ्या फेरीतच झाली, सत्तावीसकडून. तीसचंही तसंच, चारकडून. चारचा पहिला जोडीदार पिवळा, म्हणून चारला दुसऱ्या फेरीत, अकराकडून. एकोणीसला दुसऱ्या फेरीत, सत्तावीसकडून. अकरा आणि एकोणीस तिसऱ्या फेरीत एकमेकांना भेटले, ती भेट वाया गेली, म्हणून आठाऐवजी सहाच. निर्दोष माणसं साक्षीला आली म्हणून तपास लागला. साथीत आपण 'निगेटिव्ह' अहवाल मुकाट्याने खिशात घालतो. तपास करणाऱ्याला तो लालइतकाच हवा असतो.

उरले अकरा आणि सत्तावीस. पहिल्या फेरीत दोघं एकमेकांचे जोडीदार. झाकलेले गोल उघडले, दोघांचे तिन्ही गोल लाल. कोण आधी? पहिल्या गोलात कोणाचा रंग गडद आहे का पाहिलं. नाही. असणारही नाही, कारण पहिल्या ढवळण्यानंतर दोघांच्या पेल्यांत एकच पाणी होतं. पट्ट्या कितीही निरखल्या तरी इथून पुढे वाट नव्हती.

"मामांना विचारा," कोणी तरी म्हणालं. मामा दारातच होते. त्यांनी खांदे उडवले. "डोळे मिटूनच ठिवले व्हते. तुमच्या सरांनीच सांगितलं व्हतं."

अकरा नंबर म्हणाला सत्तावीस. सत्तावीस म्हणाली अकरा. वर्गात लगेच दोन तट पडले. अकराच्या घरची भाजीची गाडी वाशीला जाते, हा मुद्दाही कोणीसा काढला. पेल्यातल्या सोड्याशी त्याचा काय संबंध? अकरा गप्प झाला. मी काही बोलायच्या आत सत्तावीसच म्हणाली, "त्याच्या गाडीचं काय काढता? मपला बी असंल की पेला."

पुठ्ठा आठवडाभर खिडकीशेजारी टांगून ठेवला होता. दुपारचं ऊन त्यावर येई. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे धुणं वाळत घालणाऱ्या कोणालाही माहीत असतं. पट्ट्या विटत गेल्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आठ आणि तीस नंबरचे गोल ओळखू येईनात. प्रतिपिंडंही अशीच कालांतराने ओसरतात, तेव्हा उशिरा केलेलं सर्वेक्षण कमी आकडा दाखवतं. हे शिकवायचं मी ठरवलेलं नव्हतं, खिडकीने शिकवलं.

खोडदला जाण्याच्या आदल्या दिवशी नव्या पट्ट्या कापत बसलो होतो. खिडकीजवळची मुलगी पेन्सिल घेऊन गोल काढत होती. तीनऐवजी चार. पहिल्या गोलाशेजारी तिने शून्य लिहिलं. शिट्टी वाजायच्या आधी एक थेंब.

"पण सर," ती म्हणाली, "आधीच थेंब ठिवायचा, हे साथ यायच्या आधी कोणाला सुचंल?"

पुण्यातल्या विषाणू संस्थेच्या शीतकपाटांविषयी मी तिला सांगायला घेतलं. तिथे जुने नमुने जपून ठेवतात, नवा रोग आला की ते काढून बघता येतं, हा आधी इथे होता का. तिने ऐकलं आणि पुढची पट्टी ओढली. अजून शंभर व्हायच्या होत्या.